गाठ आपली आपण आवळते तेव्हा

दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाची खरी परीक्षा कापण्यात नसते. ती गाठ मारण्यात असते. बोटभर छिद्रातून सरकवलेल्या लांब चिमट्यांनी टाका घालायचा आणि नेमक्या ताणाने आवळायचा. ताण अधिक झाला तर कडांचा रक्तपुरवठा तुटतो, कमी पडला तर जखम उसवते. २००२ साली आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका अशा धाग्याची हकिकत प्रसिद्ध केली, की ज्याची गाठ सैल मारून सोडावी आणि सुमारे ४० अंश सेल्सियसची ऊब मिळताच तिने आपली आपण आवळून घ्यावे. पुढे हा धागा शरीरातच हळूहळू विघटन पावतो.

यात चमत्कार काही नाही. तारांच्या जोडावर वीजतंत्री जी प्लॅस्टिकची नळी चढवतो आणि आच दाखवून घट्ट बसवतो, ती याच कुळातली. आकारस्मृती असलेल्या या पॉलिमरमध्ये मूळ आकार धरून ठेवणारे एक जाळे असते आणि उष्णतेने मऊ, थंडीने ताठ होणारा दुसरा अंश असतो. तापवून ताणले व ताणातच थंड केले, की तो ताण आत गोठून राहतो. पुन्हा ऊब लागली, की सुटतो.

धातूंमध्ये हा गुण असलेली निकेल आणि टायटॅनियमची मिश्रधातू, निटिनॉल, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास हाती आली आणि आज ती स्टेंटमध्ये रुळली आहे. ती जेमतेम आठ टक्के ताण सोसून पूर्ववत होते. पॉलिमर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला तरी परततो. मात्र त्याचा जोर तोकडा. कठीण झालेली धमनी उघडी धरणे हे धातूचेच काम. पोकळी भरणे पॉलिमरला साधते. नळीवाटे रक्तवाहिनीत सोडल्यावर फुगून तिथला प्रवाह थांबवणाऱ्या फोमच्या बोळ्यांना अमेरिकेत परवानगी मिळालेलीही आहे.

आपल्या दृष्टीने प्रश्न दोन आहेत. पहिला किमतीचा. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणण्यासाठी सरकारला फेब्रुवारी २०१७मध्ये हस्तक्षेप करावा लागला; तोवर कित्येक कुटुंबे कर्जबाजारी झाली असतील. उलट, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप देशातच घडवून १९९०मध्ये रुग्णाच्या हृदयात बसवली. तिची फिरती चकती पॉलिमरचीच आहे! तेव्हा हे आपल्याला जमत नाही, असे कोणी म्हणू नये.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. यांतील अनेक पॉलियुरेथेन ओल शोषतात आणि ओल शिरली, की आकार परतण्याचे तापमान खाली घसरते. शिवाय उष्णतेनेच जागा होणारा पदार्थ वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता येत नाही. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते अशा आपल्या किनारपट्टीवर ही उपकरणे कोरडी कशी राखायची? सरकारी इस्पितळांनी ती खरेदी करण्यापूर्वी पुरवठादाराकडून किमान एका पावसाळ्याच्या साठवणुकीचा चाचणी-अहवाल मागून घ्यावा.