जवारीची गल्ली

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारींपेक्षा तानपुरेच जास्त दिसतात. दर्शनी भागात गिटार, ढोलक्या, बासऱ्यांचे जुडगे टांगलेले असतात. रोजचा गल्ला त्यांच्यावर भरतो. दोन पावलं आत गेलं की मामला बदलतो. भिंतीला टेकून भोपळे ओळीनं बसलेले, कोपऱ्यात दांड्या उभ्या केलेल्या, भुसा आणि स्पिरिट यांचा मिळून झालेला एक वास, आणि कुठल्या तरी माळ्यावरून मधूनमधून छेडला जाणारा खर्ज. मुंबईच्या काळ्या घोड्याला लोक चित्रं बघायला जातात, चित्रकारांना भेटतात. तसं काही मनात धरून इथं आलात तर सुरुवातीला बिचकायला होईल. इथले कलावंत मांडी घालून कानस मारत बसलेले असतात, आणि त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या कामाचा खंड कधी पडतो याची वाट बघावी लागते.

गल्लीचे मूळपुरुष म्हणून फरीदसाहेबांचं नाव घेतलं जातं. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणाऱ्यांचं. मिरजेला पटवर्धनांचं संस्थान होतं. संस्थानाला शस्त्रं लागत होती तोवर या मंडळींच्या हाताला काम होतं. कंपनी सरकारचा अंमल पक्का झाला तशी ती मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी गवयांची वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि त्यातून नवी घडवायला लागले. पोलादावर बसलेला हात लाकडावर आणि हाडावर बसायला फार वेळ लागला नसेल. प्रश्न होता कानाचा. तो मात्र दरबारी गवयांच्या संगतीतच तयार झाला असणार. दुसरी शाळा तेव्हा नव्हती, आजही नाही. पुढं घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं.

कारागीर कितीही चांगला असला तरी गिऱ्हाईक दारात यावं लागतं, आणि मिरजेला ते येत राहिलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले ते इथंच. शेजारी सांगली, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पुढं संगीत नाटकांच्या कंपन्या याच पट्ट्यात फिरल्या. खाली धारवाड-हुबळी, वर पुणे-मुंबई, आणि मध्ये रेल्वेचं हे जंक्शन. गाडी बदलायला उतरलेला गवई दोन तास हाताशी असले की तानपुरा गल्लीत टाकून जाणार, हे ओघानंच आलं.

तानपुरा जन्माला येतो तो मात्र मिरजेत नाही, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेकाठच्या रानात. हा भोपळा कडू. भाजीच्या कामाचा नाही, म्हणून गावच्या बाजारात त्याला किंमत शून्य. त्याला घेणारे फक्त वाद्यं करणारे. फळ वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, आणि मग घेर मोजून घ्यायचं. पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचं फळ लागतं, बायकी तानपुऱ्याला त्याहून लहान चालतं. घेर पुरेसा, पण एका अंगाला चपटा. अंग गोल, पण साल पातळ. सगळं ठीक, पण देठाशी कीड. अशा निवडीतून जे उरतं तेवढंच गल्लीत पोचतं. फळ वाळायच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर पुढचं वर्ष तंगीचं. म्हणजे मारव्याचा षड्ज कुणाच्या तरी शेतातल्या हवामानावर अवलंबून आहे, हे मैफलीत बसून सुचायचं नाही.

आलेला भोपळा माळ्यावर टाकून आणखी मुरवतात. मग पाण्यात भिजत घालतात. साल नरम पडली की वरचा भाग कापून आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि आतून काड्यांचा आधार देऊन त्याला हवा तो आकार घेऊ द्यायचा. सुकल्यावर तो आकार कायमचा. यानंतर सुताराचं काम सुरू होतं. तुणाचं लाकूड इथं पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. हलकं, सरळ रेषेचं आणि आवाजाला मोकळं. दांडी आतून पोकळ कोरायची, भोपळ्याच्या तोंडावर लाकडी गळा बसवायचा, समोरून किंचित फुगीर अशी तबली सरसानं चिकटवायची. सांध्यावर कोरीव पानं येतात. ती दिसायला नक्षी, पण भोपळा आणि लाकूड जिथं भेटतात तो नाजूक भाग तीच झाकतात आणि धरूनही ठेवतात. नक्षीकामात एके काळी हस्तिदंत असायचा. आता प्लास्टिक असतं, आणि त्याबद्दल हळहळण्याचं मला काही कारण दिसत नाही. शेवटी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं हात देत राहायचं, भोपळ्याला मधासारखा रंग चढेपर्यंत.

इथवरचं काम डोळ्यांना समजतं. बाहेरून आलेला माणूस फोटो काढतो, मान डोलावतो आणि निघतो. तानपुरा मात्र अजून मुका असतो. तारा चढवून छेडलात तर एक कोरडा टणत्कार येईल, एवढंच.

आता घोडी पुढं येते. तबलीच्या मध्यावर उभी केलेली ही छोटी पूल-पाटी. तिच्या पाठीवरून चारही तारा जातात. पूर्वी तिच्या पाठीला सांबरशिंग किंवा हाड लावत, हल्ली फायबरही लावतात. पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तारेच्या दिशेनं तिला अगदी बारीक उतार असतो, इतका की बोट फिरवून कळत नाही, छेडल्यावर कळतो. हा उतार साधणं म्हणजे जवारी काढणं. ज्या कारागिरापाशी मी बसलो होतो त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, घोडीवर कानशीचे दोन हलके हात मारले, तारा जागेवर आणून चढवल्या, लावल्या आणि छेडल्या. मान हलली नाही. पुन्हा सैल, पुन्हा कानस, या वेळी एकच हात. पुन्हा चढवल्या. किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं. मध्ये एक पोरगा चहा ठेवून गेला, तो गार झाला. एकदा मला वाटलं, झालं; आवाज भरून आला होता. त्यांनी तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही रडतीय अजून.” मला ती रडताना ऐकू येत नव्हती. दुरुस्ती झाल्यावर फरक ऐकू आला, हेही खरं.

मग दोरा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवायचा आणि पुढं-मागं करत एका जागी थांबायचं. ती जागा केसभर चुकली तरी तार बोलत नाही. सापडली की एका तारेतून सुरांचा झोत निघतो. खर्ज छेडला की त्याच्या पोटातून गंधार वर येतो. गंधाराची तार तानपुऱ्याला नसतेच. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. तरी गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. काळी एकच्या तानपुऱ्याची जवारी काळी पाचला चालत नाही. पट्टी बदलली की तारांचा ताण बदलतो आणि घोडीचा हिशोबही. शिवाय ही जवारी टिकत नाही. रोज रियाज झाला की तारा घोडीवर चर पाडतात, आवाज हळूहळू बसत जातो आणि वाद्य पुन्हा गल्लीत येतं. मिरजेची अर्धी कमाई त्या चरांवर आहे, असं म्हटलं तर कुणी नाकारलं नाही.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला, त्यात तानपुऱ्याच्या या घोडीचा विचार आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूशी ज्यांचा कंप शून्य असतो असे उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तानपुऱ्यात ते खुशाल उमटतात, हे रामन यांनी दाखवलं. कंप पावणारी तार घोडीच्या बाकावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. त्या घासटीत शक्ती खालच्या सुराकडून वरच्या सुरांकडे जात राहते. गल्लीत हे कुणाला सांगायला जावं तर ते ऐकून घेतात आणि कानस उचलतात.

मिरजेत गाण्याबद्दल बोलताना अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव न घेणं शक्य नाही. कैराण्याचा हा माणूस मिरजेत स्थिरावला. जवारीबद्दल त्यांचा कान फार तीक्ष्ण होता आणि वाद्यदुरुस्तीत स्वतःचा हातही चालत असे. त्यांच्या किराणा गायकीत एकेका स्वराला इतकं महत्त्व, की खाली तानपुरा भरलेला नसेल तर ते गाणं उभंच राहत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, तेव्हा खाँसाहेब त्यांना गळ्यानं पुरावे देत होते. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात ते वारले. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. तिथल्या उरुसात त्यांच्या आठवणीत गाण्याची सभा भरते. शिकलगारांच्या घरातली वाद्यं, त्यावर गाणारे सगळ्या जातीधर्मांचे गवई, आणि दर्ग्याचं आवार. हे गावाला इतकं सवयीचं आहे, की कुणी मुद्दाम सांगत नाही. आपणच विचारावं लागतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या, सत्कार झाले. माझं मत विचाराल तर मानांकनानं नाव राखलं जातं. दुसऱ्या गावचा माल मिरजेच्या नावावर विकता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. पण गल्लीची अडचण नावाची नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा धंदा बुडणार असं सगळे म्हणाले. मग मोबाइलमध्ये फुकटचा तानपुरा आला. शिकणाऱ्या पोरांची पहिली खरेदी त्यानं खाल्ली, हे खरं. मैफलीच्या तानपुऱ्याची जागा मात्र त्याला घेता आली नाही. यंत्राचा आवाज दर फेऱ्याला अगदी तोच येतो आणि गाणाऱ्याचा कान त्यानं बधिर होतो, अशी गवयांचीच तक्रार असते. अडचण आहे ती मुलांची. भोपळा कापणं, दांडी कोरणं, पॉलिश देणं हे दोन-चार वर्षांत येतं. जवारीला दहा वर्षं लागतात असं म्हणतात, आणि ती दहा वर्षं मजुरी जेमतेम. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याला ठरलेला पगार मिळतो. पोरानं काय करावं? ज्या कारागिरापाशी मी बसलो होतो त्या काकांचा मुलगा संगणकावर दुकानाचा परदेशी व्यवहार बघतो. वाद्य पेटीत कसं बांधायचं, कस्टमचे कागद कसे करायचे, सगळं त्याला तोंडपाठ. कानशीला तो हात लावत नाही, आणि त्याचे वडील त्याला लावायला सांगतही नाहीत.

परदेशी व्यवहार लहान नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांमधून मागण्या येतात. मुलगी गाणं शिकतेय, तानपुरा हवा. विमानात भोपळा फुटतो म्हणून आता बिनभोपळ्याचे, चपट्या लाकडी खोक्याचे तानपुरेही इथं करतात. प्रवासाला सोयीचे, आवाजाला कमी. विकणारेच हे आधी सांगून टाकतात. गेल्या पावसाळ्यात तिकडच्या एका बाईंचा तानपुरा ओलाव्यानं बसला. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. इकडून सूचना चालू होत्या, दोरा थोडा पुढं घ्या, आता छेडा, आता मागं. काकांनी दोन-तीनदा फोन कानाला लावून ऐकलं आणि मुलाकडे परत दिला. फोनमधून खर्ज येतच नाही, म्हणाले. दिवाळीला भारतात येणार असाल तर घोडी तेवढी सोडवून पिशवीतून आणा, आणि तुमची पट्टी कुठली ते लिहून आणा.