फुटबॉलची फळी कां जमत नाहीं?

फुटबॉल म्हटला कीं आपल्याकडे पायानें टोलावलेला वाटोळा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंत मात्र त्याच नांवाचा एक निराळा खेळ चालतो. त्यांतील चेंडू लांबट, तो बहुधा हातांनींच धरावयाचा व फेकावयाचा, आणि प्रत्येक डाव म्हणजे अवघ्या कांहीं सेकंदांची झुंज. आपल्यांतील कित्येक घरांचीं मुलें-सुना आज त्या देशांत राहतात. त्यांच्याकडे गेलेल्या वडील मंडळींस रविवारीं दूरचित्रवाणीवर हा खेळ दिसतो, आणि त्याबरोबर एक तक्रारही कानीं पडते : "आमच्या संघाची फळीच धड नाहीं!" पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या संघांस पांच भक्कम माणसें कां मिळूं नयेत? आमच्या मतें याचें उत्तर 'वेळ' या एका शब्दांत आहे.

प्रथम फळी म्हणजे काय तें पाहूं. प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानांत असतात. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातीं येतांच प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याजवर तुटून पडतात. त्यांना अडवून धरणारे पांच जण ही चढाईची फळी : मध्यें सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस गार्ड व दोन टोकांस टॅकल. उजव्या हातानें फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, म्हणून डावा टॅकल हा त्याचा खरा पाठराखा. सूत्रधारास दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून देणें आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यास वाट करून देणें, एवढेंच या पांचांचें काम.

तें फसलें तर काय होतें? १८ नोव्हेंबर १९८५ रोजीं वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जो थाइझमन यांच्यावर न्यूयॉर्कचे लॉरेन्स टेलर येऊन आदळले; थाइझमन यांचा पाय मोडला व ते पुन्हां कधीं खेळले नाहींत. २००२ सालीं ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ मैदानांत उतरला. त्यानें नवोदितांच्या निवडींत पहिल्याच क्रमांकानें डेव्हिड कार या तरुणास घेतलें. भरवशाचे टॅकल म्हणून आणलेले टोनी बोसेली मात्र खांद्याच्या दुखापतीमुळें त्या संघाकडून एकही सामना खेळूं शकले नाहींत. त्या एका मोसमांत कार यांना ७६ वेळां चेंडूसह खालीं पाडण्यांत आलें. इतका मार त्यापूर्वीं कोणत्याही क्वार्टरबॅकनें खाल्ला नव्हता.

हुतूतूंत साखळी धरणारे गडी एकमेकांची चाल ओळखून असतात. येथेंही तसेंच आहे. समोरचे दोघे एकाएकीं जागा बदलून आडवे घुसले, तर कोणी कोणास सोडावें व कोणास धरावें हें निमिषार्धांत, बहुधा न बोलतां, ठरावें लागतें. चौघांनीं काम चोख केलें आणि एक चुकला, तरी क्वार्टरबॅक पडतोच. आणि प्रतिपक्ष नेमका कच्चा गडीच हेरतो. ही परस्परांची ओळख एकत्र खेळूनच होते.

नेमका तोच वेळ आज दुर्मिळ झाला आहे. पुष्कळ महाविद्यालयांत चेंडू झटपट फेकून मोकळें होण्याची पद्धत असल्यामुळें तेथून येणारा गडी धंदेवाईक खेळांतील अडवणुकीचे बरेचसे डाव मागाहून शिकतो. शिकवावें तर २०११ च्या करारानें, खेळाडूंच्या प्रकृतीसाठीं व तें योग्यच, मोसमांतील पूर्ण कवच घालून करावयाचे सराव १४ वर आणले. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. त्यामुळें तयार झालेला गडी करार संपतांच अधिक दाम देणाऱ्याकडे जातो.

निवडही सोपी नाहीं. २०१३ सालीं पहिल्या चार क्रमांकांत तीन टॅकल निवडले गेले : एरिक फिशर, ल्यूक जोकल व लेन जॉन्सन. जोकल यांना दुखापतींनीं व जागांच्या बदलांनीं स्थैर्य लाभलें नाहीं. २०१७ नंतर ते खेळले नाहींत. जॉन्सन मात्र फिलाडेल्फिया ईगल्स संघांत, त्याच वर्षीं रुजू झालेले शिक्षक जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखालीं वाढले व २०१८ आणि २०२५ च्या अजिंक्यपदांचे भागीदार झाले. याच संघानें २०१८ सालीं जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू सातव्या फेरींत घेतला. त्यांनीं हा खेळ कधींच खेळला नव्हता. पहिलीं दोन वर्षें ते सामन्यांत उतरले नाहींत. पुढें तेच डावे टॅकल झाले.

कॅन्सस सिटी चीफ्स या संघाची हकीकतही बोधप्रद आहे. पॅट्रिक मॅहोम्स यांच्यासारखा क्वार्टरबॅक असतांही ७ फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम सामन्यांत तो संघ ३१–९ असा हरला. फिशर व मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल दुखापतीनें बाहेर होते. संघानें लागलीच पांचही जागीं नवे गडी उभे केले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजीं ईगल्सना मॅहोम्स यांना एकदांही पाडतां आलें नाहीं व चीफ्स ३८–३५ असे जिंकले. पुढें डावे टॅकल ऑर्लँडो ब्राउन दुसरीकडे गेले आणि ती जागा पक्की भरली नाहीं. २०२४ च्या मोसमांत शेवटीं जो थूनी या गार्डासच तेथें उभें करावें लागलें. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं त्याच ईगल्सनीं मॅहोम्स यांना सहा वेळां पाडून ४०–२२ असा विजय मिळविला.

या पांचांचें नांव बहुधा चूक झाल्यावरच पुकारलें जातें. मोठ्या घरांत असें काम करणारीं माणसें वाचकांच्या परिचयाचीं असतीलच. हा खेळ पाहण्याचा योग आला, तर दोन-चार डाव चेंडूवरची नजर काढून या पांचांकडे पाहावें. तो डाव कां साधला वा कां फसला, हें बहुधा तेथेंच दिसेल.