मुंबई क्रिकेटमधील खडूस संस्कृती

खडूस संस्कृती ही मुंबई क्रिकेट संघाच्या खेळण्याच्या व संघबांधणीच्या रीतीला रूढ झालेली संज्ञा आहे. बोलीभाषेत ‘खडूस’ म्हणजे तुसड्या स्वभावाचा माणूस. मुंबईच्या क्रिकेटमध्ये मात्र हा शब्द प्रशंसापर असून, प्रतिस्पर्ध्याला काहीही सहजासहजी न देणारा आणि सामना निसटत असतानाही हार न मानणारा खेळाडू, असा त्याचा अर्थ होतो. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला असून, त्यांपैकी १५ विजेतेपदे १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग मिळवली.

जडणघडण

ही वृत्ती मुख्यतः शहरातील स्थानिक स्पर्धांमधून घडली. हॅरिस व जाइल्स ढाल या शालेय स्पर्धांतून खेळाडू पुढे येत. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात खेळवली जाई. ओल्या खेळपट्टीवर चेंडू अनपेक्षितपणे उसळे किंवा थांबून येई, तर वाढलेल्या गवतामुळे चौकार मिळणे अवघड होई. त्यामुळे प्रत्येक धावेचे मोल कळे. टाइम्स ढाल या कार्यालयीन स्पर्धेमुळे बँका व कंपन्या क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत, तर सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते.

क्लबमधील ज्येष्ठांचा धाक हा या जडणघडणीचा दुसरा आधार होता. दादर युनियनचे माधव मंत्री शिस्तीसाठी प्रसिद्ध होते. भाचा गावसकर याने लहानपणी त्यांचा भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा तो कमवावा लागतो, असे त्यांनी सांगितले.

पराभव व पुनरागमन

१९७३-७४ मध्ये कर्नाटकने उपांत्य सामन्यात मुंबईची विजयमालिका खंडित केली. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात ३५५ धावांचा पाठलाग करताना मुंबई हरियाणाकडून अवघ्या दोन धावांनी हरली. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले. २०१५-१६ नंतरचे विजेतेपद २०२३-२४ मध्ये अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली मिळाले.

मुंबईबाहेर प्रसार

मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ मध्ये, तर मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये मुंबईलाच हरवून रणजी करंडक जिंकला. विदर्भाच्या दोन्ही विजेत्या संघांत मुंबईचा माजी सलामीवीर वसीम जाफर होता. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात ५३८ धावांच्या आव्हानापुढेही विदर्भाने पाचव्या दिवसापर्यंत झुंज दिली. २०२४-२५ मध्ये उपांत्य सामन्यात मुंबईला नमवून त्याने तिसरे विजेतेपद पटकावले.

मर्यादा

केवळ वृत्तीने मुंबईच्या यशाचा उलगडा होत नाही. मैदाने, क्लब, प्रशिक्षक व नोकऱ्या एकाच शहरात एकवटल्याचा लाभ तिला दीर्घकाळ मिळाला. विदर्भासारख्या संघांच्या उदयानंतर हे वर्चस्व निर्विवाद राहिलेले नाही.