परिसर चांगला आहे हे ठरवायचं कसं? आणि कुणासाठी?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा तिचा विषय सांगितला, ‘शहरातल्या निवासी परिसरांच्या गुणवत्तेचा अभ्यास’. मी विचारलं, “गुणवत्ता म्हणजे नेमकं काय मोजणार?” तिने लगेच यादी दिली: पाणी, रस्ते, बागा, शाळा, दवाखाने. यादी चूक नाही, माझ्या सिनॉप्सिसमध्येही हीच होती. पण यादी म्हणजे व्याख्या नव्हे, हे मला कळलं ते घरच्याच एका प्रसंगात. तोच आज सांगते, कारण संशोधनात होणाऱ्या बऱ्याच चुका मी त्यात एकामागोमाग एक केल्या.

आई-बाबा पुण्यात पेठेत राहतात. जुनी इमारत, पहिला मजला, खाली दिवसभर हॉर्न. दादाचं म्हणणं होतं, हे घर विकून शहराच्या कडेला मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू. त्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे. आईचं एकच उत्तर, “मला नाही जायचं.” शेवटी दादा म्हणाला, “तुझा विषयच आहे ना हा? मग तूच मोजून सांग.”

शहराचा नंबर गल्लीला लागू होत नाही

दादाचा पहिला मुद्दा असा, “पुणं राहायला देशात पहिलं आलं होतं. मग कुठेही घर घेतलं तरी काय बिघडलं?” तो म्हणत होता ते खरं आहे. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात २०१८ मध्ये १११ शहरांत पुणं पहिलं होतं. पण तो आकडा सगळ्या शहराचा. सरासरी उंची पाच फूट चार इंच असलेल्या वर्गातला प्रत्येक जण तेवढाच उंच नसतो. गटाचा निष्कर्ष गटातल्या प्रत्येकाला चिकटवणं याला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये ही चूक आकडेवारीने दाखवून दिली, आणि ती आजही प्रबंधांत भेटते.

अजून एक गंमत बघा. पुढच्या, २०२० च्या निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं आलं. मग पुणं बिघडलं का? तसं म्हणता येत नाही. मधल्या काळात मोजमापाची चौकटच बदलली होती. नागरिकांना काय वाटतं याच्या सर्वेक्षणाला ३० टक्के वजन मिळालं होतं आणि शहरांचे लोकसंख्येनुसार गट पडले होते. पट्टी बदलली की दोन मापांची तुलना होत नाही.

हद्दीचंही तेच. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. ज्या दिवशी हद्द वाढली त्या दिवशी कुणाच्या नळाचं पाणी वाढलं नाही की कमी झालं नाही, पण ‘पुण्याची सरासरी’ मात्र बदलली. म्हणून आपण परिसर म्हणतोय तो प्रभाग, पेठ की घरापासून दहा मिनिटांची चाल, हे आधी लिहून ठेवा. डेटा हातात आल्यावर ठरवू नका.

खरा निर्णय वजनात लपलेला असतो

मी चार घटक घेतले आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. गुण माझ्या अंदाजाचे आहेत, उदाहरण म्हणूनच बघा.

- हवा आणि शांतता: पेठ ३, उपनगर ७
- मोकळी जागा: पेठ २, उपनगर ९
- पाण्याचा भरवसा: पेठ ८, उपनगर ४ (उन्हाळ्यात टँकर)
- पायी पोचता येणाऱ्या सोयी: पेठ ९, उपनगर ४

साधी सरासरी काढली तर पेठ ५.५, उपनगर ६. दादा खूश.

मग मी आईला विचारलं, “तुझ्यासाठी यातलं काय किती महत्त्वाचं?” तिच्या उत्तरावरून वजनं ठरवली: हवा १० टक्के, मोकळी जागा १०, पाणी ३०, पायी सोयी ५०. आता पेठ ७.४ आणि उपनगर ४.८! दादा-वहिनीच्या डोळ्यांसमोर लहान मुलगा, त्यांची वजनं याच क्रमाने ३५, ३५, २०, १०. त्यांच्या हिशोबात पेठ ४.२५ आणि उपनगर ६.८.

डेटा तोच, गणित तेच, उत्तरं मात्र उलटी. आणि दोन्ही बरोबर. “मी वजनं दिलीच नाहीत, सगळ्यांना समान धरलं,” असं बरेच जण व्हायवात सांगतात. समान वजन हासुद्धा एक निर्णयच आहे, त्याचंही कारण द्यावं लागतं. वजनं थोडी हलवून क्रम टिकतो का, हे तपासणं म्हणजे सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस. ते नसलेला इंडेक्स मी तरी आता गंभीरपणे घेत नाही.

सरासरीत दुसरा धोकाही आहे. बागेचे जास्तीचे गुण पाण्याची कमतरता झाकतात. कागदावर चालतं, पण नळ कोरडा असताना बाग कामाला येत नाही. म्हणूनच मानव विकास निर्देशांकात २०१० पासून साध्या सरासरीऐवजी भूमितीय मध्य वापरतात. त्यात एक घटक फार खाली असेल तर एकूण आकडाही चांगलाच खाली येतो.

नकाशावरचं अंतर आणि पायातलं अंतर

आई मग नकाशावर आली. जीआयएसमध्ये मी उपनगरातल्या घराभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं होतं आणि दवाखाना त्यात बसत होता. प्रत्यक्ष बघायला गेलो, तर सोसायटीचं गेट विरुद्ध बाजूला, मध्ये कंपाउंडची भिंत, पुढे दुभाजक असलेला रुंद रस्ता. चालायला वीस मिनिटं लागली. आई म्हणाली, “अगं, तुझ्या नकाशात माणसं उडतात का?”

सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्याने पडणारं अंतर यात फरक असतो, हे मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. तरी सोपं म्हणून वर्तुळच काढलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नमुना-परिसरात मी दोनदा चालते, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच लिहिलं होतं की रस्त्याची सुरक्षितता त्यावर असलेल्या लोकांच्या नजरांवरही अवलंबून असते. सॅटेलाइट इमेजमध्ये त्या नजरा दिसत नाहीत. पेठेत रात्री दहाला औषधाचं दुकान उघडं असणं हा आईच्या दृष्टीने सुरक्षिततेचा भाग आहे. माझ्या यादीत तो रकानाच नव्हता.

राहणाऱ्यांना विचारलं की झालं?

नाही. जे अजून तिथे राहतात तेच उत्तर देणार. कंटाळून निघून गेलेले तुमच्या नमुन्यात नसतात. शिवाय चांगल्या परिसरातले लोक सुखी दिसले, तर परिसरामुळे सुखी झाले की सुस्थितीतले लोकच तिथे घर घेऊ शकले? हा सेल्फ-सिलेक्शनचा प्रश्न.

अमेरिकेत यावर मोठा प्रयोग झाला, ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’. १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून, कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी मदत दिली गेली. मोठ्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही, मानसिक आरोग्य मात्र सुधारलं. २०१६ मध्ये चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ यांनी दाखवलं की तेरा वर्षांच्या आत तिथे राहायला गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. वयाने मोठ्या मुलांना तो फायदा झाला नाही. म्हणजे एकाच परिसराचा परिणाम वयागणिक वेगळा. आमच्या घरातलं भांडण हेच तर होतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

‘चांगला परिसर’ हे शब्द लिहाल तिथे चार प्रश्नांची उत्तरं द्या. कुणासाठी? कुठल्या हद्दीत? वजनं कुणी ठरवली? आणि नमुन्यात कोण आलंच नाही? उत्तरं अपुरी असली तरी चालेल, पण ती कागदावर असू द्या. गाईड विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारलेलं बरं.

आमच्याकडे घर अजून विकलेलं नाही. दादाने उपनगरात अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलाय, आई-बाबा शनिवार-रविवार तिकडे जातात. आई परवा म्हणाली, “बाळाला तिथे पळायला मिळतं गं.” मग जरा थांबून म्हणाली, “पण भाजी आणायला गाडी काढावी लागते.” दोन्ही वाक्यं मी फील्ड डायरीत लिहून ठेवलीत.