अल्फा रोमिओच्या बिल्ल्यावरचा साप कोणाचा?

इटलीच्या अल्फा रोमिओ गाडीचा गोल बिल्ला नीट बघा. डावीकडे पांढऱ्यावर लाल क्रॉस, ही मिलान शहराची खूण. उजवीकडे मुकुट घातलेला साप आणि त्याच्या जबड्यात चक्क माणूस! याला म्हणतात 'बिशोने'. मध्ययुगात मिलानवर राज्य करणाऱ्या विस्कोंती घराण्याचं हे कुलचिन्ह.

साप आला कुठून? घराण्याची लाडकी कथा अशी: ओत्तोने विस्कोंतीने पहिल्या क्रुसेडमध्ये एका मुस्लिम योद्ध्याला मारलं आणि त्याच्या ढालीवरचं चित्र स्वतःचं केलं. दुसरा तर्क असा, की मिलानच्या सांत आंब्रोजो चर्चमध्ये खांबावर काशाचा जुना साप आहे, मूळ तिथलं असावं.

पुढचा प्रवास मात्र पक्का ठाऊक आहे. १४५० मध्ये विस्कोंतींचा जावई फ्रांचेस्को स्फोर्झा मिलानचा ड्यूक झाला. गादीवरचा हक्क ठसवायला त्याने सासरचा साप आपल्या ढालीवर घेतला. १९१० मध्ये रोमानो कात्तानेओ या ड्राफ्ट्समनने तोच साप मोटार कंपनीच्या चिन्हात आणला.

म्हणून कुलचिन्हाचा माग काढताना शौर्यकथा जरूर वाचा, पण आधी लग्नं आणि वारसाहक्क तपासा!

#कुलचिन्हं #इतिहास