गळाची दोरी: वेणीची की तंगुसाची?

पूस, अरुणावती, बेंबळा या धरणांच्या काठी चरखीचा गळ टाकणारी पोरे भेटली की विचारतात, "साहेब, दोरी कोणती घ्यावी?"

आधी पाणी बघा. पाणवनस्पती, बुडालेली खोडे असतील आणि मरळ धरायची असेल, तर वेणीची दोरी घ्यावी. ती फारशी ताणत नाही. माशाने तोंड लावताच हाताला कळते. चार पदरी दोरी घासण्याला टिकते, आठ पदरी गुळगुळीत असल्याने लांब जाते. आडव्या चरखीवर फार बारीक दोरी नको. ओढ बसताच ती खालच्या वेढ्यांत रुतते. चरखीवर आधी थोडा तंगूस गुंडाळावा, नाहीतर वेणी जागच्या जागी घसरते. नितळ पाण्यात रोहूसाठी मात्र तंगूसच बरा. तो सहज दिसत नाही व स्वस्तही पडतो.

अडकलेली वेणी हाताने ओढू नका, बोट चिरते. काठीला गुंडाळून ओढा. तुटलेले तुकडे काठावर टाकू नका. खुराच्या वर असा तुकडा आवळून लंगडणारे वासरू मी पाहिले आहे. दोन रुपयांची दोरी, पण जनावर गमावण्याची पाळी! तुकडे गोळा करून घरी आणा. आणि तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल, तर गळ टाकण्याआधी परवानगी घ्या.