बा ना डोंगरावरचे फ्रान्स

बा ना हिल्सला जायचे नाही, असे ठरवूनच मी व्हिएतनामला गेले होते. मी-सनची चाम देवळे पाहायची, ह्वेचा राजवाडा पाहायचा, होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडायचे आणि डोंगरमाथ्यावर सिमेंटने उभारलेल्या खोट्या फ्रेंच गावाकडे पाठ फिरवायची, असा बेत होता. तो ताईने मोडला. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दगडी हातांनी उचलून धरलेल्या सोनेरी पुलाचा फोटो तिच्या मोबाइलवर वर्षभर होता. “तुझी पडकी देवळं मी पाहिली ना गं निमूटपणे? मग आता माझा पूल दाखव,” असे ती म्हणाली. यावर बोलायला जागा नव्हती.

तेव्हा दा नांगहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणारी एक दिवसाची टूर घेतली. डोंगरावरच्या प्रवेशाचे तिकीटच दहा लाख डाँगच्या आसपास. आकडा ऐकून छातीत धस्स होते, पण आपले साधारण सव्वातीन हजार रुपये. बसमध्ये निम्म्याहून अधिक मंडळी भारतीय. 2019 मध्ये एक लाख सत्तर हजारांच्या घरात भारतीय व्हिएतनामला गेले होते, 2024 मध्ये पाच लाखांच्या घरात. त्यामुळे आमच्या गाइडला ‘जैन फूड’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, दा नांगचाच. ताईला तो पहिल्यापासून ‘बा’ म्हणू लागला. व्हिएतनामी भाषेत आजीला, मानाच्या वयस्कर बाईला ‘बा’ म्हणतात.

डोंगराच्या नावातला ‘बा’ही हाच. पुढच्या ‘ना’बद्दल मात्र एकमत नाही. फ्रेंचांना इथे केळी दिसली, त्यांच्या ‘बनान’चे बा ना झाले, ही सगळ्या गाइडांची आवडती कथा. दुसरे मत असे की हा शब्द इथल्या डोंगराळ मुलखातल्या कातू लोकांच्या भाषेतला. तिसरे मत देवीकडे जाते. चाम लोकांची पो नगर ही देवी व्हिएतनामींनी आपलीशी केली, ती ‘थिएन य आ ना’ या नावाने. तिच्यातला ‘ना’ इथे उरला, असे हे मत. मला तिसरे पटावेसे वाटते, पण पटावेसे वाटणे हा पुरावा नव्हे.

पायथ्याशी बस सोडून रोपवेत बसलो. ज्यांनी रायगडचा रोपवे पाहिला आहे त्यांनी तो विसरून जावे. तिथे एक बाजू वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, आणि चढ-उतारासाठी सगळेच थांबते. बा नाचा दोर कधीच थांबत नाही. दोर एकच, तोच पाळण्याचे वजन पेलतो आणि तोच पाळणा ओढतो. पाळण्याच्या माथ्यावर चिमटा असतो, तो दोराला घट्ट धरतो. स्थानकात शिरताच चिमटा सुटतो आणि पाळणा वेगळ्या रुळावर गोगलगाईच्या चालीने फिरतो. तेवढ्यात माणसांनी चढा-उतरायचे. पुन्हा चिमटा दोर पकडतो. 2013 मध्ये सुरू झालेल्या इथल्या मार्गाची लांबी 5,801 मीटर आहे. मध्ये न थांबता एकाच दोरावर इतके अंतर नेणारा मार्ग तेव्हा जगात दुसरा नव्हता, म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. यंत्रणा ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीची. खाली बा ना–नुई चुआच्या राखीव जंगलाचा गच्च हिरवा गालिचा, मध्येच एखादा धबधबा, मग ढग. ढगात शिरल्यावर पुढचा-मागचा पाळणाही दिसेनासा झाला. ताईने माझा हात धरला आणि रामरक्षा म्हणायला सुरुवात केली.

ढगातून बाहेर आलो तेव्हा हवा बदलली होती. खाली दा नांगमध्ये अंगाला शर्ट चिकटत होता, वर स्वेटर लागला. बा नाचा माथा 1,487 मीटर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडा उंच. या दहा-बारा अंशांच्या फरकासाठीच हे सगळे घडले.

फ्रेंचांनी 1858 साली तुरानवर, म्हणजे आजच्या दा नांगवर, पहिला हल्ला केला तेव्हापासून त्यांची सर्वात जास्त माणसे मारली ती लढाईने नव्हे. मलेरिया, पटकी आणि आमांशाने. उंचावर गेले की गोऱ्या माणसाची प्रकृती सुधारते, ही त्या काळची सार्वत्रिक समजूत होती. इंग्रजांनी सिमला, उटी, महाबळेश्वर वसवून ती आचरणातही आणली होती. 1897 साली इंडोचायनाचा गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या पॉल दुमेला तसेच काही आपल्याकडे हवे होते. दक्षिणेसाठी त्याने अलेक्झांद्र येरसँचा सल्ला घेतला. हा तोच येरसँ, ज्याने 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला. त्याने लांग-बियांचे पठार सुचवले आणि तिथे पुढे दालात शहर झाले. मध्य भागात जागा हेरण्याचे काम कॅप्टन देबे याच्याकडे आले. 1901 मध्ये त्याची नजर बा नावर स्थिरावली. प्रत्यक्ष बांधकाम 1919 पासून सुरू झाले. मग बंगले, हॉटेल, दवाखाना, टपाल कार्यालय, असे सगळे आले.

हे वर कसे आले, हा माझा प्रश्न. आरंभीच्या वर्षांत गाडीचा रस्ता पायथ्याकडे संपत असे. पुढे साहेब आणि मडमा खुर्चीच्या डोलीत बसत आणि माणसे त्यांना खांद्यावर घेऊन चढत. पलंग, आरसे आणि दारूच्या पेट्यांनाही दुसरा मार्ग नव्हता. एरिक जेनिंग्ज या इतिहासकाराचे दालातवर ‘इम्पीरियल हाइट्स’ नावाचे पुस्तक आहे, 2011 सालचे. त्यातल्या एका प्रकरणाच्या नावाचा अर्थ होतो ‘उंचीच्या शर्यतीतला खून’. ते देबेवर आहे. थंड हवेची जागा शोधत हिंडणाऱ्या या मोहिमेत गावकऱ्यांना मारहाण झाल्याचे आणि माणसे मेल्याचे आरोप झाले होते. मी ते प्रकरण प्रवासाच्या कितीतरी आधी वाचले होते, आणि बा नाला न जाण्याच्या माझ्या हट्टाला थोडे कारण तेही होते.

आता पुलाविषयी. तो आला तेव्हा ताई काही क्षण बोललीच नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. दीडशे मीटर लांबीची सोनेरी कमान हवेत वळत गेलेली, कठड्याशी जांभळी फुले, आणि डोंगराच्या पोटातून निघाल्यासारखे शेवाळलेले, चिरा पडलेले दोन प्रचंड हात तिला धरून. हजार वर्षे जुने वाटावेत असे हे हात 2018 सालचे आहेत. आत दगड नाही. जाळीच्या सांगाड्यावर फायबरग्लास चढवून त्याला दगडाचा रंग आणि वय दिले आहे. हो चि मिन्ह शहरातल्या टीए लँडस्केप आर्किटेक्चर या संस्थेचे हे काम. देवाचे हात जमिनीतून सोन्याची पट्टी ओढून काढत आहेत, ही त्यांची कल्पना. मुळात गरज साधी होती. रोपवेच्या स्थानकातून बागांकडे जायला मधला उतार फार तीव्र, म्हणून पूल हवा होता. कठड्यावरून वाकून पाहिले तर पुलाचे स्वतःचे सडपातळ खांब दिसतात. लोक मात्र हातांचेच फोटो काढतात. मी ताईचे अकरा काढले.

जेवणाआधी देबेचे तळघर. होय, त्याचे नाव आजही तेच आहे. 1923 मध्ये डोंगरात खोदलेला सुमारे शंभर मीटरचा हा बोगदा, वाइन थंड राहावी म्हणून. फ्रेंचांच्या मूळ बा नापैकी धड उरलेले असे हेच काय ते. बाकी सगळे 1945 नंतरच्या युद्धात आणि त्यानंतरच्या पडीक दशकांत गेले. फ्रेंच परत येऊन बस्तान बसवतील म्हणून व्हिएत मिन्हने पुष्कळ इमारती पाडल्या-जाळल्या, उरलेल्या जंगलाने गिळल्या. तळघरात पिवळे दिवे, पिंपांच्या रांगा, चाखायला वाइनचा छोटा पेला. दारावर देबेचे नाव एखाद्या रसिक यजमानाचे असावे तसे.

मी गाइडला बाजूला घेऊन विचारले, हा देबे कोण ते ठाऊक आहे का? “फ्रेंच कॅप्टन. त्याने बा ना शोधले,” तो म्हणाला. मी वाचलेले सांगितले. तो ऐकत राहिला. मग तुझ्या घरचे कुणी इथे हमाल होते का, असे मी विचारले. आणि विचारल्याक्षणी मला ते आगाऊपणाचे वाटले.

तो रागावला नाही. घरात फ्रेंचांविषयी कधीच कुणी बोलले नाही, असे त्याने सांगितले. त्याचे आजोबा बोलत ते अमेरिकनांविषयी. 1965 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांगच्याच किनाऱ्यावर उतरले, तेव्हा आजोबा विशीत होते. “आजोबांच्या युद्धाने पणजोबांचं युद्ध झाकून टाकलं,” असे काहीसे तो म्हणाला. दा नांगच्या रहिवाशांना तिकिटात सवलत असते. ती मिळाल्यावर त्याने आईला इथे आणले होते. आईला ट्यूलिप आवडले. तळघरात ती आलीच नाही, आत कोंदट वाटते म्हणाली.

मी घरून जे मत बांधून नेले होते, त्याला इथे तडा गेला. माझे मत असे होते की ज्यांनी राबवून घेतले त्यांच्याच गावाची नक्कल उभारून त्यात हिंडणे म्हणजे गुलामीची हौस. पण फ्रेंच गावात शिरल्यावर दिसले ते वेगळेच. कॅथेड्रल आहे, फरसबंद चौक आहे, कारंजे आहे, मात्र यातले काहीही बा नाला कधी नव्हते. फ्रेंचांनी इथे बंगले बांधले होते, मध्ययुगीन गाव नव्हे. चौकात युरोपीय चेहऱ्याच्या मुली नाचत होत्या आणि व्हिएतनामी, कोरियन, भारतीय कुटुंबे आइस्क्रीम खात त्यांच्याकडे पाहत होती. गोऱ्यांनी करमणूक करायची आणि बाकीच्यांनी खुर्चीत बसायचे! उभारणारी कंपनी सन ग्रुप. तिच्या व्हिएतनामी संस्थापकांनी पहिला पैसा युक्रेनमध्ये कमावला आणि 2007 च्या सुमारास ते मायदेशी परतले. त्यांनी वसाहतीची आठवण जपलेली नाही. त्यांनी फ्रान्स नावाचा माल विकायला काढला आहे, आणि तो चांगला खपतो आहे. याला गुलामी म्हणावे की सूड, हे मला अजून ठरवता आलेले नाही. देबेच्या पाटीचे मात्र मला वाईट वाटते ते वाटतेच. पाटीवर नाव ठेवायचे तर खाली दोन ओळी जास्त लिहायला जागा होती.

अर्थात दुसऱ्याच्या पाट्या वाचताना आपल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. महाबळेश्वरात आपण आर्थर सीटवर उभे राहून फोटो काढतो, विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहतो. तिथल्या बाजारपेठेला माल्कमचे नाव होते. पण 1834 पासून तीस वर्षे तिथे एक तुरुंग होता, त्यात मलाया बाजूच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते आणि भाजीपाल्याच्या लागवडीत त्यांचा हात होता, हे सांगणारी ठळक पाटी निदान मला तिथे दिसलेली नाही. माथेरान ह्यू मॅलेटने 1850 मध्ये ‘शोधले’ असे आपणही बिनदिक्कत लिहितो, जणू तिथल्या ठाकर-कातकऱ्यांना स्वतःचा डोंगर दिसत नव्हता. आणि माथेरानात माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा अगदी काल-परवापर्यंत होत्या. त्या सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगावे लागले.

जेवणाचे फार सांगण्यासारखे नाही. बुफेत भारतीय कोपरा होता, डाळ गोड होती, आणि अहमदाबादच्या एका कुटुंबाने आम्हाला ठेपले दिले. दुपारनंतर लिन उंग पॅगोडातल्या सत्तावीस मीटरच्या पांढऱ्या बुद्धासमोर बसून घेतले. तिथे गर्दी कमी होती. बुद्धाचा चेहरा ढगात आत-बाहेर करत होता.

परतीच्या पाळण्यात आम्ही दोघी आणि गाइड. बराच वेळ गप्प बसून ताई एकदम म्हणाली, “मी माथेरानला हातरिक्षात बसले होते. बाबांनी बसवलं. तू झालीही नव्हतीस. पुढे एक, मागे दोन. पुढच्याचा सदरा पाठीवर फाटला होता आणि आतून घाम दिसत होता. बाबा म्हणाले, हलू नकोस, त्यांना जड जातं. मी सगळा रस्ता श्वास धरून बसले होते.”

हे तिने मला पूर्वी कधी सांगितले नव्हते. गाइडने काय म्हणाल्या म्हणून विचारले. मी जमेल तसे इंग्रजीत सांगितले. तो मान हलवत राहिला. मग त्याने विचारले, “आणि त्यांना पैसे किती मिळायचे?” ताईला ते आठवेना.

खालचे स्थानक आले. दोराचा चिमटा सुटल्याचा खट्ट आवाज झाला, पाळणा सावकाश वळू लागला, पण थांबला नाही. तो थांबत नसतोच. ताईला चालत्या पाळण्यातून उतरायची भीती वाटत होती. गाइड आधी उतरला, पाळण्याबरोबर उलटा चालू लागला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. “बा, या,” तो म्हणाला.